शहाऐंशी पानांचा धागा वीस मिनिटांत: फोरमवर हवं ते पटकन कसं शोधावं

गाडीचे चारही टायर बदलले आणि साताऱ्याच्या पहिल्याच खेपेला स्टिअरिंग थरथरायला लागलं. सत्तरपर्यंत काही नाही. काटा ऐंशीच्या पुढे गेला की हाताला झिणझिण्या, शंभरच्या वर पुन्हा शांत. शिरवळला चहाला थांबलो आणि मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "दाजी, फोरमवर बघा की. त्या गाडीचा आख्खा धागा हाय, सगळं घावतंय तिथं."

धागा, म्हणजे एका विषयावरच्या प्रतिसादांची लांबलचक रांग, होता खरा. ८६ पानं, बाराशेच्या वर प्रतिसाद. पहिल्या पानावर हार घातलेल्या नव्या गाडीचे फोटो, दुसऱ्यावर अभिनंदनं, तिसऱ्यावर कुठला रंग कमी मळतो यावर हमरीतुमरी. रात्री जेवण झाल्यावर वाचायला बसलो तो दीड तासात अकराव्या पानावर पोचलो. थरथरीबद्दल एक अक्षर नाही. सीटकव्हरांबद्दल मात्र आता मी व्याख्यान देऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी तोच धागा नीट धरला आणि वीस मिनिटांत उत्तर हातात होतं. या वीस मिनिटांत काय काय केलं, आणि इतकी वर्षं मराठी-इंग्रजी फोरमांवर वाचनमात्र राहून जे हाताला वळण लागलंय, ते पुढे लिहितोय. ज्यांना धागा चवीचवीनं, पॉपकॉर्न घेऊन पहिल्यापासून वाचायचाय त्यांनी खुशाल तसाच वाचावा. तो वेगळा आनंद आहे, त्यात घाई करणारा करंटा.

आधी प्रश्न कागदावर

फोरम उघडायच्या आधी प्रश्न एका ओळीत लिहा. त्यात तीन गोष्टी हव्यात: वस्तू कुठली, होतंय काय, आणि केव्हा होतंय. माझी ओळ अशी होती: "नवे टायर, ८० ते १०० ला स्टिअरिंग थरथरतं, ब्रेक न लावता."

शेवटचे तीन शब्द मी आदल्या रात्री मनातही आणले नव्हते, आणि सगळी मेख तिथंच होती. ब्रेक दाबल्यावरच थरथर येत असेल तर संशय पुढच्या ब्रेक-डिस्कवर जातो. ब्रेकला पाय न लावता, ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच येत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून साधलेला तोल, तपासतात. लक्षण एकच, पण धाग्यात दोन्हींची उत्तरं एकमेकांत मिसळलेली असतात. 'केव्हा' माहीत नसलेला माणूस दोन्हीकडे भटकतो.

धागा सपाट आहे की फांद्यांचा?

हे पाच सेकंदांत कळतं, आणि पुढची सगळी चाल त्यावर ठरते.

सपाट धाग्यात प्रतिसाद आले त्या क्रमानं एकाखाली एक लागतात. टीम-बीएचपीसारखे गाड्यांचे फोरम, पीएचपीबीबी किंवा वीबुलेटिन या फोरम-सॉफ्टवेअरांवर चालणारी जुनी संस्थळं, आपली मायबोली ही या जातीची. इथे काळ वरून खाली वाहतो. जुनं वर, ताजं तळाला.

फांद्यांच्या धाग्यात प्रत्येक प्रतिसादाखाली त्याची पोटउत्तरं आत सरकून लागतात. रेडिट, हॅकर न्यूज, मराठीत मिसळपाव आणि ऐसी अक्षरे ही या वळणाची. इथे तळाशी गेलात म्हणून ताजं सापडेल असं नाही. आज सकाळी आलेलं सोन्यासारखं उत्तर तीन वर्षांपूर्वीच्या प्रतिसादाच्या पोटात दडलेलं असू शकतं.

सपाट धाग्यात पान क्रमांक आणि तारीख कामाला येते, फांद्यांच्या धाग्यात फांद्या मिटवण्याची आणि क्रम बदलण्याची सोय. एकाची युक्ती दुसरीकडे वापरली की माणूस वैतागतो आणि फोरमला नावं ठेवतो.

फोरमच्या स्वतःच्या शोधपेटीच्या नादी आधी लागू नका

बऱ्याच फोरमांचा स्वतःचा शोध अगदी बाळबोध असतो. बाहेरून, गूगलच्या दारानं आत जा.

पहिली पायरी: शोधपेटीत इंग्रजी अक्षरांत एस, आय, टी, ई आणि लगेच कोलन टाका. मध्ये जागा सोडायची नाही. त्याला चिकटून फोरमचा पत्ता, मग एक जागा सोडून तुमचे शब्द. आता गूगल तेवढ्या एकाच संस्थळात शोधतो.

दुसरी पायरी: गाडीचं किंवा यंत्राचं मॉडेल दुहेरी अवतरणात टाका. अवतरणातले शब्द त्याच क्रमानं एकत्र असलेली पानं मग पुढे येतात.

तिसरी पायरी: नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह लावा, शब्दाला चिकटवून. मला ब्रेकची थरथर नको होती, म्हणून ब्रेकच्या आधी वजा. अर्धा कचरा तिथंच गेला. पण जपून वापरा, कारण 'ब्रेक न लावतासुद्धा थरथरतं' असं लिहिणारा बिचाराही यात बाद होतो.

चौथी पायरी: तारीख. 'आफ्टर' आणि 'बिफोर' हे इंग्रजी शब्द, कोलन, आणि पुढे वर्ष. नियम, किमती, सॉफ्टवेअर अशा बदलत्या गोष्टींसाठी 'आफ्टर' हवंच. बॅलन्सिंगसारख्या विषयाला २०१२ चं उत्तरही चालतं, रबर आणि शिसं तेव्हाही तसंच वागत होतं.

एखादा फोरम तुम्हाला वारंवार लागत असेल तर ही टंकनाची कटकट कायमची मिटवता येते. फोरमवर एकदा कुठलाही शब्द शोधा, समजा 'टायर'. निकालाच्या पानाचा पत्ता वरच्या पट्टीतून उचला. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सर्च इंजिन' या भागात साइट सर्चची यादी असते, तिथे 'ॲड' दाबा. नाव द्या, एक-दोन अक्षरांची आखूड खूण द्या, आणि पत्त्यात जिथं 'टायर' आलंय तिथं तो शब्द पुसून टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी छोटा एस लिहा. त्यानंतर वरच्या पट्टीत ती खूण टाकून टॅब दाबायचं, शब्द लिहायचा, एंटर. फायरफॉक्समध्ये हेच बुकमार्कला 'कीवर्ड' देऊन होतं. पाच मिनिटांचं काम आहे, मी पाच वर्षं टाळलं.

धागाच उडालेला असेल, किंवा संस्थळ बंद पडलं असेल, तर पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून पाहा. ते २००१ पासून सर्वांना खुलं आहे, आणि कित्येक मेलेले फोरम निदान वाचण्यापुरते तिथं जिवंत आहेत. गूगल पूर्वी पानाची साठवलेली प्रत दाखवायचा, तो दुवा २०२४ मध्ये गेला.

पानात शोधताना लोकांच्या तोंडचा शब्द

कंट्रोल आणि एफ सगळ्यांना माहीत असतं. त्यात टाकायचं काय, इथे गाडी अडते.

मी आदल्या रात्री 'व्हायब्रेशन' टाकलं होतं. दोन निकाल, दोन्ही फोनच्या स्टँडबद्दल. दुसऱ्या दिवशी थोडा विचार केला: टायर बदलून आलेला, वैतागलेला माणूस काय लिहील? इंग्रजी फोरमवर तो 'वॉबल' लिहील, 'शडर' लिहील, 'जडर' लिहील, 'शिमी' लिहील. अख्ख्या धाग्यात 'वॉबल'ला नऊ निकाल आले आणि त्यातले सहा एकाच पानावर. एका पानावर शब्दांची अशी दाटी दिसली की समजायचं, तिथं कुणीतरी हाच प्रश्न विचारलाय आणि चार जण धावून आलेत. क्रोममध्ये शोधलेला शब्द पानावर कुठे कुठे आहे याच्या रेघा उजव्या सरकपट्टीवर उमटतात. मी आता आधी त्या रेघांची दाटी बघतो, शब्द नंतर.

दुसरी युक्ती उलटी आहे. प्रश्नाचा शब्द सोडा, उत्तरात येईल तो शब्द शोधा. बॅलन्सिंग केलं तर 'वेट' म्हणजे रिमला लावायची वजनं येणार, 'ग्रॅम' येणार. 'ग्रॅम' टाकल्यावर ज्यानं खरोखर काम करून घेतलंय त्याचाच प्रतिसाद सापडतो. नुसतं मत देणारे ग्रॅम सांगत नाहीत.

एक खड्डा मात्र लक्षात ठेवा. आजचे पुष्कळ फोरम अख्खा धागा एकदम उतरवत नाहीत, तुम्ही खाली सराल तसतसा तो पुरवतात. रेडिटवर 'आणखी प्रतिसाद' मिटलेले असतात. अशा ठिकाणी कंट्रोल-एफ जे उतरलंय तेवढ्यातच बघतं आणि ठामपणे सांगतं, शून्य निकाल. तिथे फोरमची 'याच धाग्यात शोधा' ही सोय वापरा. वीबुलेटिनवरच्या जुन्या फोरमांत धाग्याच्या मेनूत 'छापण्याजोगी प्रत' असा पर्याय असतो. तो दाबला की सह्या, चित्रं, जाहिराती गळून पडतात आणि एका पानावर भरपूर प्रतिसाद येतात. मग कंट्रोल-एफला खरी धार चढते.

देवनागरीत शोधताना

मराठी संस्थळांवर शोधताना वेगळीच मजा असते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

'दुसऱ्या' हा शब्द घ्या. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीवर टंकणारा माणूस शिफ्ट आणि जे दाबून ऱ काढतो, त्याला हलन्त (पाय मोडायची खूण) आणि या जोडतो. काही लिप्यंतराची साधनं मात्र साधा र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग या अशी माळ ओवतात. डोळ्यांना दोन्ही शब्द जुळे भाऊ, संगणकाच्या लेखी दोन निराळ्या अक्षरमाळा. 'ॲ'चंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, २००८ साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधी, आणि सवयीनं त्यानंतरही, लोक अ ला वरची चंद्रकोर जोडून काम भागवत आलेत. शोधणारं यंत्र या जोड्यांना एक धरतं की दोन, हे ज्याच्या त्याच्या घडणीवर. आपण भरवसा ठेवू नये. शोधायला असा शब्द निवडावा ज्यात ऱ्या, ऱ्हा आणि ॲ येतच नाहीत. 'बॅटऱ्या' शोधण्यापेक्षा 'बॅटरी' शोधा, 'ॲव्हरेज'ऐवजी 'मायलेज'.

मग विभक्ती. पुष्कळ संस्थळांचा शोध अख्खा शब्द जुळवून पाहतो. तुम्ही 'टायर' म्हणता, लिहिणाऱ्यानं 'टायरचं', 'टायरला', 'टायरमुळे' लिहिलेलं असतं. अशा वेळी दोन-तीन रूपं आलटून पालटून टाकावीत. त्यातून 'पाणी'चं 'पाण्यात', 'रस्ता'चा 'रस्त्यावर' होतो. सामान्यरूपानं मूळ शब्द असा बदलतो की मूळ शब्द शोधून तो सापडायचाच नाही.

आणि इंग्रजी शब्दांची लेखनं! एकट्या मायबोलीवर, जी १९९६ पासून चालू आहे, स्टिअरिंग, स्टेअरिंग, स्टिअरींग आणि स्टेरिंग या चारही माणसांना तुम्ही भेटू शकता. अशा वेळी शब्द सोडून द्या आणि कुणी चुकवू शकत नाही असं काहीतरी धरा: गावाचं नाव, मॉडेलचा क्रमांक, रोमन लिपीतलं आद्याक्षरी नाव. आकडे शोधताना '८०' आणि इंग्रजी अंकांतले ऐंशी, दोन्ही करून पाहा.

शेवटून सुरुवात

सपाट धाग्यात शिरायचा माझा क्रम ठरलेला आहे.

आधी पहिला प्रतिसाद, फक्त तळ बघायला. शहाणा धागाकर्ता नंतर परत येऊन पहिल्याच मजकुरात भर घालतो. 'संपादित' अशी अलीकडची तारीख दिसली तर तुमचं अर्धं काम त्यानंच केलंय.

मग थेट शेवटचं पान. तिथून मागे दोन पानं. अलीकडच्या लोकांचे प्रश्न आणि जुन्या जाणत्यांचे "हे पान ४१ वर झालंय" असे वैतागलेले प्रतिसाद तिथंच असतात. हे वैतागलेले लोक म्हणजे फोरमची अनुक्रमणिका. त्यांचा राग मनावर घेऊ नका, पान क्रमांक लिहून घ्या.

पान बदलायला तळातले बाण टिचकावत बसू नका. वरच्या पट्टीतल्या पत्त्यात पान क्रमांक बहुधा उघड दिसतो, तो आकडा बदला आणि एंटर मारा. ८६ पानांत एखादी तारीख शोधायची असेल तर मधलं, ४३ वं पान उघडा, तारीख बघा, मग वरच्या किंवा खालच्या अर्ध्याचं मध्य. पाच-सहा उड्यांत हव्या त्या महिन्यावर येता. शब्दकोशात शब्द शोधताना आपण हेच करतो, पहिल्या पानापासून कुणी उलगडत नाही.

त्यानंतर माणूस धरा. एखाद्याचा एक प्रतिसाद मुद्देसूद वाटला की त्याच्या नावावर टिचकी मारा आणि त्याचे बाकीचे प्रतिसाद बघा. मला ३७ व्या पानावर असा एक गृहस्थ सापडला. त्यानं थरथर लागल्याचं लिहिलं होतं, पण पुढे काय झालं ते नव्हतं. त्याच्या प्रतिसादांच्या यादीत आणखी सहा आठवड्यांनंतरची एक नोंद निघाली, वेगळ्याच धाग्यात. उत्तर तिथं होतं. धागा वाचत बसलो असतो तर ते मला या जन्मी दिसलं नसतं.

बोटांचं काम

स्पेसबार दाबला की पान एक पडदा खाली जातं, शिफ्ट धरून दाबला की वर. होम आणि एंड म्हणजे माथा आणि तळ. दुवा नव्या टॅबमध्ये उघडायचा तर माउसचं मधलं चाक दाबा, किंवा कंट्रोल धरून टिचकी. शोधनिकालातले पाच दुवे असे आधी उघडून घ्यावेत, मग एकेक वाचून कंट्रोल-डब्ल्यूनं मिटवत जावं. मागे-पुढे, मागे-पुढे करण्यात जो वेळ जातो तो इथं वाचतो. चुकून कामाचा टॅब मिटला तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी. हे एक वाक्य वाचण्यासाठी तुम्ही इथवर आलात तरी लेख वसूल.

डिस्कोर्स या प्रणालीवर आज कित्येक कंपन्यांचे आणि मुक्त सॉफ्टवेअरचे फोरम चालतात. तिथे प्रश्नचिन्हाची कळ दाबली की सगळ्या आखूड वाटांची (शॉर्टकटची) यादी समोर येते. जे म्हणजे पुढचा प्रतिसाद, के म्हणजे मागचा. हे जे-के आले कुठून? बिल जॉयनं १९७६ च्या सुमारास व्हीआय नावाचा मजकूर लिहायचा-सुधारायचा प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा तो ज्या यंत्रावर काम करत होता त्याच्या एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते. यंत्र गेलं, बोटांची सवय राहिली. हॅश दाबून प्रतिसादाचा क्रमांक लिहिला की थेट तिथं उडी मारता येते, आणि तिरप्या रेघेची कळ दाबली की शोध उघडतो.

आपल्याकडच्या वाचकाला इथे हमखास ठेच लागते. मराठी कीबोर्ड चालू राहिलेला असतो. इनस्क्रिप्टवर जे दाबलं की र उमटतो, के दाबलं की क. फोरमला तुमचा र कळत नाही, तो ढिम्म बसतो, आणि आपल्याला वाटतं युक्ती खोटी आहे. विंडोजची कळ आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या, मग चालतं.

फोनवर क्रोमच्या तीन ठिपक्यांत 'पानात शोधा' आहे, आयफोनच्या सफारीत ते शेअरच्या खुणेत असतं. पण खरं सांगायचं तर लांब धागा फोनवर शोधणं म्हणजे चमच्यानं विहीर उपसणं. दुवा स्वतःलाच पाठवा आणि संगणकावर बसा.

फांद्यांच्या धाग्यात

इथे वाचण्याआधी क्रम बदला. रेडिटवर 'बेस्ट', 'टॉप', 'न्यू', 'काँट्रोव्हर्शियल' असे पर्याय मिळतात. तांत्रिक प्रश्नाला 'टॉप' बरा, ताज्या घडामोडीला 'न्यू'. एखादी वस्तू घ्यायची असेल तर 'काँट्रोव्हर्शियल'वर एक चक्कर मारतोच मी. सगळे कौतुक करत असताना नाक मुरडणारे तिथं सापडतात, आणि त्यातला एखादा तरी ती वस्तू खरंच वापरून बसलेला असतो.

दुसरी सवय: पहिल्या प्रतिसादाची फांदी तीन-चार पायऱ्या उतरल्यावर विषय भरकटलाय असं दिसलं की मागे न बघता फांदी मिटवा. हॅकर न्यूजवर प्रत्येक प्रतिसादाशेजारी मिटवायची छोटी खूण आहे आणि 'नेक्स्ट'चा दुवाही आहे, तो थेट पुढच्या फांदीवर नेतो. अवांतर हे फोरमचं मीठ आहे हे मान्य, पण उत्तर शोधताना मीठ चाखत बसू नये.

मराठी फांद्यांच्या धाग्यांवर जुन्या वाचकांची एक साधी चाल आहे. लॉगिन करून आलात की न वाचलेल्या प्रतिसादाशेजारी 'नवीन' अशी खूण लागते. कंट्रोल-एफ करून 'नवीन' शोधायचं आणि एंटर मारत उतरायचं. शतकी धागा दोन मिनिटांत तपासून होतो.

ऐसी अक्षरेवर प्रतिसादांना श्रेणी देतात: मार्मिक, माहितीपूर्ण, विनोदी, खोडसाळ. स्लॅशडॉट या इंग्रजी संस्थळावर अशा लेबलांना उणे एक ते पाच असे गुण जोडलेले असतात, आणि अमुक गुणांखालचं दाखवूच नका असं वाचकाला सांगता येतं. घाईत असाल तर चाळणी वर चढवा. निवांत असाल तर खोडसाळ आधी वाचा.

सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप हाही एक सपाट धागाच, फक्त पान क्रमांक नसलेला. शोध उघडला की कॅलेंडरची खूण दिसते. टाकी धुतल्याची तारीख आठवत असेल तर थेट त्या दिवसावर जा, सुप्रभातांच्या फुलांतून वाट काढत वर चढू नका.

रोज वाचणाऱ्यांसाठी थोडकं

रोज दहा धागे उघडून 'काही आलंय का' बघणं यात सगळ्यात जास्त वेळ जातो. आरएसएस नावाची, संस्थळांवरचं नवं लिखाण 'फीड'च्या रूपात एका जागी आणून देणारी जुनी सोय अजून जिवंत आहे. अशा फीड वाचायचा गूगल रीडर जुलै २०१३ मध्ये बंद झाला तेव्हा लोकांनी तिला तिलांजली दिली, पण फीडली, इनोरीडर अजून चालतात आणि पुष्कळ फोरम फीड देतात. रेडिटच्या एखाद्या विभागाच्या पत्त्याच्या शेवटी टिंब आणि आर-एस-एस ही अक्षरं जोडली की फीड मिळते. ज्या फोरमवर ही सोय नाही तिथे धाग्याला 'वॉच' किंवा 'सबस्क्राइब' करा. एक-दोन आयडी कायम डोकं फिरवत असतील तर त्यांना दुर्लक्ष-यादीत टाका. मनाला लागत नाही आणि पानं आखूड होतात.

सापडल्यावर सावकाश

इथवर सगळी घाई होती, आता ती थांबवा. सापडलेला प्रतिसाद, त्याच्या वरचे दोन आणि खालचे पाच, असे मी शब्द न् शब्द वाचतो. खालचे पाच का, तर "भाऊ, हे करून बघितलं, आणखी बिघडलं" हे तिथंच येतं.

स्वतः करून बघितलेला आणि ऐकून सांगणारा यांच्यात फरक करा. पहिला आकडे, दिवस, खर्च सांगतो. दुसरा "शंभर टक्के सस्पेन्शन" म्हणतो आणि गायब होतो. प्रोग्रामरांच्या स्टॅक ओव्हरफ्लोवर हिरवी बरोबरची खूण दिसली तर तिचा अर्थ एवढाच, की प्रश्न विचारणाऱ्याचं त्या दिवशी समाधान झालं. दुसरं एखादं जास्त मतांचं, नंतरच्या तारखेचं उत्तर असेल तर तेही वाचा. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेला धाग्याचा सारांश करायला सांगतात. कल कुठं आहे ते त्यातून कळतं, पण '३५ ग्रॅम' आणि 'उजवं पुढचं चाक' असले तपशील मूळ प्रतिसादात जाऊन बघितल्याशिवाय मी गॅरेजवाल्यासमोर उच्चारत नाही.

उत्तर मिळालं की त्या नेमक्या ओळीचा दुवा जपा. क्रोममध्ये ओळ निवडून उजवी टिचकी दिली की 'कॉपी लिंक टू हायलाइट' असा पर्याय येतो. तो दुवा उघडला की पान थेट त्या ओळीवर, रंगवलेलं, उघडतं. मी तसा दुवा मेहुण्याला पाठवला आणि एक गॅरेजात न्यायला फोनवर ठेवला.

टायरच्या दुकानात चाकं मशीनवर चढवली तेव्हा उजव्या पुढच्या रिमवर जुन्या टायरच्या वेळचं वजन तसंच चिकटलेलं निघालं. नवं त्याच्या शेजारी. पोरगा म्हणाला, "साहेब, हे काढायचं राहिलंवतं." काढलं, पुन्हा तोललं, कात्रजचा बोगदा ओलांडून नव्वदवर नेऊन बघितली. स्टिअरिंग गप्प.

रात्री धाग्यावर चार ओळी टाकल्या, ८७ व्या पानावर. गाडीचं मॉडेल, वेगाचा पट्टा, ब्रेक न लावता, वजन किती ग्रॅम निघालं, खर्च किती आला. आणि शेवटी एका ओळीत, वाचणाऱ्याला विचित्र वाटेल अशी नुसती शब्दांची रांग: थरथर, व्हायब्रेशन, वॉबल, शिमी, जडर, स्टेअरिंग, स्टेरिंग.